सीसीआयई लॅब: आठ तासांचं नियोजन घरीच करून जा

सिस्को कंपनीची सीसीआयई ही नेटवर्किंगमधली सर्वांत अवघड समजली जाणारी प्रात्यक्षिक परीक्षा. १९९३ पासून ती घेतली जाते. उत्तीर्ण झालेल्याला आयुष्यभर टिकणारा स्वतःचा एक नंबर मिळतो. १०२४ हा नंबर पहिल्या लॅबलाच, म्हणजे परीक्षेच्या प्रयोगशाळेलाच दिला होता आणि माणसांचे नंबर १०२५ पासून सुरू झाले. आजही नेटवर्कवाल्यांच्या गप्पांत ‘त्याला नंबर मिळाला’ एवढंच म्हटलं तरी समोरच्याला सगळं कळतं.

मुंबईत नोकरी सांभाळून या परीक्षेची तयारी करणारी बरीच मुलंमुली माझ्या पाहण्यात आहेत. कुणी ऐरोलीत रात्रपाळी करतं, कुणी पवईला बँकेचं नेटवर्क सांभाळतं, कुणी बदलापूरहून रोज बीकेसी गाठतं. त्यांचा अभ्यास कमी पडतो असं मला वाटत नाही. ओएसपीएफ आणि बीजीपी हे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायचे प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेले नियम, त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कुठला प्रश्न आधी घ्यायचा, कुठला सोडायचा, किती वेळाने सोडायचा आणि आपलं उत्तर बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं, याचा सराव कुणी केलेलाच नसतो. वर्कबुकातला एकेक विषय निवांत सोडवणं आणि पंचवीस-तीस गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असताना घड्याळाकडे बघत काम करणं, ही दोन निराळी कौशल्यं आहेत. दुसऱ्याची तयारी पहिल्याबरोबर आपोआप होत नाही. ती स्वतंत्र करावी लागते आणि परीक्षेच्या बऱ्याच आधीपासून करावी लागते.

आधी परीक्षेचं रूप समजून घेऊ

सीसीआयईचे अनेक प्रकार आहेत. इथे आपण एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर घेऊ, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं त्याच वाटेने जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये जुन्या राउटिंग-स्विचिंगची जागा त्याने घेतली. आधी एनकोर, म्हणजे ३५०-४०१ क्रमांकाची दोन तासांची लेखी परीक्षा द्यायची. ती उत्तीर्ण झालात की तीन वर्षांच्या आत लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची. लॅबचं कायमचं केंद्र आपल्यासाठी बंगळुरूला. फी १६०० डॉलर, म्हणजे प्रवास आणि राहणं न धरताच सव्वा लाख रुपयांच्या वर. एवढी रक्कम पणाला लावताना नियोजनावर चार दिवस खर्च करायला कुणाची हरकत नसावी.

लॅब आठ तासांची असते आणि तिचे दोन भाग असतात. पहिला तीन तासांचा, डिझाइनचा. यात एकाही राउटरला हात लावायला मिळत नाही. एका काल्पनिक कंपनीची कागदपत्रं समोर येतात: नकाशे, ईमेल, ग्राहकाच्या मागण्या. त्यावरून कुठला पर्याय योग्य आणि का, हे ठरवायचं. दुसरा भाग पाच तासांचा. त्यात नेटवर्क उभं करायचं, बिघडलेलं दुरुस्त करायचं आणि आहे ते सुधारायचं. उत्तीर्ण व्हायला दोन्ही भागांत किमान गुण लागतात आणि शिवाय एकूण गुणही पुरेसे लागतात. म्हणजे ‘डिझाइन कसंबसं काढू, मग कॉन्फिगमध्ये, उपकरणांना कमांड देण्याच्या कामात, भरून काढू’ हा हिशेब इथे चालत नाही.

अभ्यासक्रमाचे पाच विभाग आहेत. मूळ नेटवर्क, म्हणजे स्विचिंग आणि राउटिंग, ३० टक्के. सॉफ्टवेअरने चालवलं जाणारं नेटवर्क, म्हणजे ऑफिसच्या आतलं एसडी-अॅक्सेस आणि शाखा जोडणारं एसडी-वॅन, २५ टक्के. उरलेले तीन प्रत्येकी १५ टक्के: एमपीएलएस आणि डीएमव्हीपीएनसारखं दूरची ठिकाणं जोडणारं वाहतुकीचं तंत्रज्ञान, सुरक्षा आणि सेवा, आणि ऑटोमेशन. सिस्को या यादीत अधूनमधून फेरफार करते, म्हणून नोंदणीच्या दिवशीची यादी त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि तीच प्रमाण माना. मित्राने पाठवलेली दोन वर्षांपूर्वीची पीडीएफ कामाची नाही.

या टक्केवारीत एक गोष्ट दडलेली आहे. आपली मुलं मूळ नेटवर्कवर जीव ओततात, कारण ते रोजच्या कामाचं असतं. सॉफ्टवेअरवालं नेटवर्क आणि ऑटोमेशन मिळून ४० टक्के होतात आणि त्यांना शेवटचा महिना मिळतो. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा ‘नंतर बघू’ म्हणून राहून जाते. माझा आग्रह आहे की ऑटोमेशन पहिल्या महिन्यापासून रोज थोडं थोडं करा. ते १५ टक्के इतरांपेक्षा सोपे आहेत. जेसन या ठरावीक साच्यात लिहिलेली माहिती वाचता येणं, रेस्टकॉन्फ या वेबसारख्या पद्धतीने राउटरला एक विनंती पाठवता येणं, दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट दुरुस्त करता येणं, एवढ्यावर बरंच निभावतं. पण हाताला सवय नसेल तर एका स्वल्पविरामापायी वीस मिनिटं जातात.

डिझाइनचे तीन तास

या भागात पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे फिरता येत नाही. त्यामुळे इथे घाई करू नये आणि रेंगाळूही नये. आधी कागदपत्रं वाचा आणि वाचताना ग्राहकाच्या अटी कच्च्या कागदावर टिपून ठेवा. पैसे नाहीत, जुनी उपकरणं बदलायची नाहीत, शाखांमध्ये तांत्रिक माणूस नाही, अमुक शहरातली लाइन वारंवार तुटते. या अटीच उत्तर ठरवतात. ऑफिसात वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने काम केलेल्या माणसाला इथे हमखास चुकायला होतं, कारण तो ग्राहकाच्या कागदात नसलेली स्वतःच्या ऑफिसची गरज उत्तरात घालतो. कागदात ‘बिघाड झाल्यावर एका सेकंदाच्या आत पर्यायी मार्ग हवा’ असं लिहिलं असेल तर बीएफडीसारख्या, बिघाड चटकन ओळखणाऱ्या गोष्टीचा विचार करायचा. लिहिलेलं नसेल तर ती गोष्ट कितीही चांगली असली तरी मागितलेली नाही.

प्रश्नांबरोबर नवी कागदपत्रंही येत राहतात. ग्राहकाने मध्येच मत बदललं तर ताजा ईमेल ग्राह्य. ऐकायला साधं वाटतं, पण दुसऱ्या तासाला डोकं शिणलेलं असताना पहिल्या ईमेलवरूनच उत्तर दिलं जातं.

पाच तासांचा हिशेब

पाच तास म्हणजे ३०० मिनिटं. त्यातली पहिली २५ मिनिटं कीबोर्डला हात न लावता सगळे प्रश्न वाचण्यासाठी बाजूला काढा. शेवटची ४५ मिनिटं तपासणीसाठी राखून ठेवा आणि काहीही झालं तरी त्यांना हात लावू नका. राहिली २३० मिनिटं. या भागात प्रत्येक प्रश्नाचे गुण समोर लिहिलेले असतात आणि प्रश्न कुठल्याही क्रमाने घेता येतात. समजा सगळे मिळून ६० गुण आहेत. मग एका गुणाला पावणेचार मिनिटांच्या आसपास पडतात आणि तीन गुणांच्या प्रश्नाला साडेअकरा. पंधरा मिनिटं झाली आणि काम अडलेलंच आहे, तर तो प्रश्न सोडून पुढे जायचं. हे आकडे परीक्षेला बसल्यावर खऱ्या गुणांवरून नव्याने काढायचे. दोन मिनिटांचं काम आहे.

प्रश्न सोडायचा म्हणजे काय, हेही ठरलेलं असू द्या. अर्धवट कॉन्फिग तसंच ठेवून पुढे गेलात तर पुढचे तीन प्रश्न त्यामुळे फसू शकतात. म्हणून सोडण्याआधी निर्णय घ्या: केलेलं निरुपद्रवी असेल तर ठेवा, नाहीतर काढून टाका आणि कागदावर खूण करा.

तो कागद हे या पाच तासांतलं सर्वांत महत्त्वाचं साधन आहे. वाचतानाच त्यावर तक्ता आखा. प्रश्नाचा क्रमांक, गुण, कुठली उपकरणं, कशावर अवलंबून, झालं का, तपासलं का. ‘झालं’ आणि ‘तपासलं’ या दोन वेगळ्या चौकटी असायलाच हव्यात. ‘कशावर अवलंबून’ ही चौकट भरताना कामाचा क्रम आपसूक दिसू लागतो. व्हीलॅन (स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे भाग) आणि ट्रंक (ते सगळे भाग वाहून नेणाऱ्या लिंक) नीट नसतील तर ओएसपीएफचे शेजारी राउटर जुळणार नाहीत, ओएसपीएफ नसेल तर आतली बीजीपी उभी राहणार नाही, बीजीपीविना एमपीएलएस व्हीपीएन होणार नाही. खालचा थर आधी. सुरक्षेचे प्रश्न, म्हणजे कुठली वाहतूक सोडायची हे ठरवणाऱ्या अॅक्सेस लिस्ट किंवा राउटरच्या स्वतःच्या रक्षणासाठीची धोरणं, शक्यतो शेवटी घ्या, कारण त्यांच्यामुळे चालतं नेटवर्क बंद पडू शकतं. ते लावून झाल्यावर आधीचे महत्त्वाचे प्रश्न पुन्हा तपासा.

एसडी-वॅन आणि एसडी-अॅक्सेसच्या कामात वाट पाहावी लागते. पडद्यावर बटण दाबलं की धोरण उपकरणांपर्यंत पोहोचायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ पडद्याकडे बघत बसू नका. अशी कामं सुरू करून द्या, मधल्या वेळात दोन गुणांचा एखादा छोटा प्रश्न उरका आणि मग परत या. आणि कॉन्फिग वेळोवेळी सेव्ह करत राहा. एखादा राउटर पुन्हा सुरू झाला आणि सगळं पुसलं गेलं, असं शेवटच्या तासाला व्हायला नको.

अर्धवट उत्तराला अर्धे गुण नसतात हेही ध्यानात ठेवा. प्रश्नात पाच अटी असतील आणि चार पुऱ्या केल्या तर मिळतात शून्य. म्हणून दहा प्रश्न ऐंशी टक्के करण्यापेक्षा आठ प्रश्न पूर्ण करणं केव्हाही श्रेयस्कर.

प्रश्न वाचायचा कसा

एक नमुना घेऊ. हा मी रचलेला आहे, पण घाट परीक्षेतल्यासारखा आहे. ‘मुंबई कार्यालयाला दोन इंटरनेट पुरवठादार आहेत, प्रत्येकाला वेगळा एज राउटर जोडलेला आहे. कार्यालयातल्या सर्व राउटरांनी बाहेर जाण्यासाठी पहिला पुरवठादार वापरावा. तो बंद पडल्यास दुसरा आपोआप वापरात यावा. लोकल प्रिफरन्स बदलू नये.’

एज राउटर म्हणजे आपल्या नेटवर्कच्या कडेचा, बाहेरच्यांशी जोडलेला राउटर. पुरवठादारांशी बोलायची भाषा बीजीपी. एकाच ठिकाणी जायचे दोन मार्ग कळले तर बीजीपी ठरलेल्या क्रमाने काही निकष तपासते आणि जिथे फरक सापडेल तिथे निर्णय देते. सिस्कोच्या राउटरवर पहिला निकष वेट, म्हणजे त्या एका राउटरपुरता पसंतीचा आकडा, मग लोकल प्रिफरन्स, म्हणजे आपल्या नेटवर्कमधल्या सगळ्या राउटरांना कळवला जाणारा पसंतीचा आकडा, मग मार्ग स्वतःच्याच राउटरवर जन्मला आहे का, मग वाटेत किती संस्था लागतात ती एएस-पाथची लांबी, मग मार्ग बीजीपीत कसा आला ते सांगणारा ओरिजिन, मग शेजारच्या संस्थेने सुचवलेला पसंतीचा आकडा म्हणजे मेड, त्यानंतर इतर.

आता अटी लावून पाहा. लोकल प्रिफरन्स बाद, कारण तशी स्पष्ट मनाई आहे. घाईतला माणूस लगेच वेटकडे वळतो. पण वेट ज्या राउटरवर लावला तिथेच राहतो, दुसऱ्याला कळवला जात नाही, आणि प्रश्नात ‘सर्व राउटरांनी’ असं आहे. प्रत्येक राउटरवर वेगळा लावत बसलात तर वेळही गेला आणि चुकायची शक्यताही वाढली. मेडचं काय? दोन पुरवठादार म्हणजे दोन वेगळ्या संस्था. वेगळ्या संस्थांकडून आलेल्या मार्गांचे मेड राउटर मुळात एकमेकांशी ताडून बघत नाही, तसं सांगितल्याशिवाय. मग उरतो एएस-पाथ. दुसऱ्या पुरवठादाराकडून मार्ग आत येतानाच त्यांची यादी मुद्दाम लांबवायची. ती लांबी आतल्या सगळ्या राउटरांना दिसते आणि सगळे पहिल्याची निवड करतात. पहिला बंद पडला की त्याचे मार्गच नाहीसे होतात आणि लांबवलेले का असेनात, दुसऱ्याचे वापरात येतात.

उत्तर प्रश्नाच्या दोन शब्दसमूहांत होतं: ‘सर्व राउटरांनी’ आणि ‘बदलू नये’. सराव करताना प्रत्येक प्रश्नातले असे शब्द पेन्सिलने अधोरेखित करा आणि मगच कीबोर्डला हात लावा. वर्कबुकातलं उत्तर जुळलं की आनंदाने पुढे जाऊ नका. तोच प्रश्न एक अट बदलून पुन्हा सोडवा. ‘एज राउटरवर रूट-मॅप (मार्गांची माहिती बदलणारी नियमावली) वापरू नये’ असं म्हटलं असतं तर? ‘दुसरा पुरवठादार फक्त एका पत्त्यासाठी पहिला पर्याय असावा’ असं असतं तर? एका प्रश्नाचे असे चार प्रश्न करणारा विद्यार्थी चाळीस वर्कबुकं पालथी घालणाऱ्याच्या पुढे जातो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

रिडिस्ट्रिब्युशन: जिथे सगळे अडकतात

एका नेटवर्कमध्ये दोन राउटिंग प्रोटोकॉल असले आणि एकाची माहिती दुसऱ्याला द्यायची असली की त्याला रिडिस्ट्रिब्युशन म्हणतात. जोड एकाच ठिकाणी असेल तर काही बिघडत नाही. दोन ठिकाणी असली की गोंधळ सुरू होतो, आणि परीक्षेत ती दोन ठिकाणी असणार असं धरूनच चाला.

मुंबईकराला हे रेल्वेवरून चटकन कळेल. मध्य आणि पश्चिम रेल्वे दादरला भेटतात आणि तिकडे लांब दिवा–वसई मार्गानेही जोडलेल्या आहेत. कल्याण हे मध्य रेल्वेचं. दादरला मध्य रेल्वेने पश्चिमेला सांगितलं, ‘कल्याणला जायचं असेल तर आमच्याकडे पाठवा.’ ही बातमी पश्चिमेच्या स्थानकांतून पसरत वसईला पोचली. वसईने ती दिव्याला दिली: ‘कल्याण? आमच्याकडून जाता येतं.’ दिवा स्थानकाने जर पश्चिमेच्या शब्दावर स्वतःच्या रेल्वेपेक्षा जास्त विश्वास ठेवला, तर डोंबिवलीच्या पलीकडे असलेल्या कल्याणला निघालेला प्रवासी वसईला धाडला जाईल. तिथून तो दादरला येईल, तिथून मध्य रेल्वेने परत दिव्याला, आणि दिवा त्याला पुन्हा वसईला पाठवेल. तो कल्याणला कधीच पोचणार नाही.

राउटरचं असंच होतं. कुठल्या प्रोटोकॉलवर किती विश्वास ठेवायचा यासाठी त्याच्याकडे आकडे असतात, आकडा जितका लहान तितका विश्वास जास्त. सिस्कोमध्ये ईआयजीआरपी या आणखी एका राउटिंग प्रोटोकॉलचा आतला मार्ग ९०, ओएसपीएफ ११०, आणि ईआयजीआरपीत बाहेरून आणलेला मार्ग १७०. मार्ग ईआयजीआरपीचा अस्सल आतला असेल तर ९० हा ११० पेक्षा लहान, म्हणून सगळं ठीक. पण तो ईआयजीआरपीत बाहेरून आणलेला असेल तर त्याचा आकडा १७०. तो एका सीमेवरून, म्हणजे दोन प्रोटोकॉल जोडणाऱ्या एका राउटरवरून, ओएसपीएफमध्ये गेला आणि फिरून दुसऱ्या सीमेवर ११० घेऊन आला की तिथला राउटर खऱ्या मार्गाला सोडून फिरून आलेल्यावर विश्वास ठेवतो. पलीकडचं उपकरण पोचतं का ते बघणारे काही पिंग पोचतात, काही पोचत नाहीत, आणि चित्र दर मिनिटाला बदलतं.

उपाय म्हणजे खूण, अर्थात टॅग. एका सीमेवरून माहिती देताना तिला टॅग लावा आणि दुसऱ्या सीमेवर तो टॅग असलेली माहिती परत आत घेऊ नका. दोन्ही सीमांवर, दोन्ही दिशांनी. हवं तिथे त्या ठरावीक मार्गांचा विश्वासाचा आकडाही बदलता येतो. हे कॉन्फिग न बघता, कुठल्याही दोन प्रोटोकॉलसाठी, दहा मिनिटांत लिहिता येईपर्यंत सराव करा. परीक्षेत ते नोटपॅडवर एकदाच लिहायचं आणि दुसऱ्या राउटरसाठी आकडे बदलून चिकटवायचं.

तपासणी म्हणजे नेमकं काय

‘पिंग गेलं’ ही तपासणी अपुरी आहे. एक प्रसंग बघा. आर१ आणि आर२ एका लिंकने जोडलेले, दोघांवर ओएसपीएफ. शेजाऱ्यांची यादी दाखवणारी शो कमांड दिलीत, समोर ‘फुल’ दिसलं, म्हणजे ओळख पूर्ण झाली. तक्त्यात टिक केली आणि पुढे गेलात. पण राउटिंग टेबलमध्ये, म्हणजे राउटरच्या मार्गांच्या यादीत, आर२ चा एकही मार्ग नाही. कारण एका बाजूला लिंकचा प्रकार ब्रॉडकास्ट (अनेक राउटर असू शकणारी) आहे आणि दुसऱ्या बाजूला पॉइंट-टू-पॉइंट (फक्त दोघांमधली). दोन्ही प्रकारांत हॅलोचं, म्हणजे ‘मी आहे’ असं कळवणाऱ्या संदेशांचं अंतर १० सेकंद आणि शेजारी गेला असं मानण्याची मुदत ४० सेकंद, म्हणून ओळख व्हायला काही आडवं येत नाही. मात्र दोघे त्याच लिंकचं वर्णन वेगवेगळ्या प्रकारे करतात. नकाशा जुळत नाही, म्हणून मार्ग टेबलात उतरत नाहीत.

याची खूण त्याच यादीत असते. एका राउटरवर ‘फुल’च्या पुढे तिरकी रेघ आणि डीआर किंवा बीडीआरसारखं भूमिकेचं नाव दिसतं, दुसऱ्यावर त्या जागी नुसती आडवी रेघ. दोन्ही बाजू उघडून पाहणाऱ्याला ती दहा सेकंदांत दिसते. एकाच बाजूवर भरवसा ठेवणाऱ्याला ती दिसतच नाही.

म्हणून घरी सराव करताना प्रत्येक विषयासाठी स्वतःच्या तीन-चार तपासणी कमांड ठरवा आणि त्याच क्रमाने वापरा: शेजारी, टेबल, वाट, आणि मग एखादी लिंक मुद्दाम बंद करून पर्यायी मार्ग लागतो का ते. ती बंद केलेली लिंक पुन्हा सुरू करायची आठवण तक्त्यात लिहून ठेवा.

मुंबईत तयारी कशी जमवायची

लॅमिंग्टन रोडला जुने रॅक सर्व्हर मिळतात आणि पुष्कळ जण मोहात पडून घेतात. वन-रूम किचनमध्ये त्याचा आवाज आणि उष्णता घरच्यांना सोसावी लागते, वीजबिल वाढतं ते वेगळं. भरपूर रॅम असलेला एखादा डेस्कटॉप आणि त्यावर ईव्ही-एनजी किंवा सिस्कोचं सीएमएल, म्हणजे आभासी राउटर चालवणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर मूळ नेटवर्कचा सराव चांगला होतो. एसडी-वॅनला रॅम जास्त लागते. एसडी-अॅक्सेसचं नियंत्रण करणारा कॅटॅलिस्ट सेंटर घरी चालवायचा विचारच सोडा, त्याच्या आभासी रूपालाच २५६ जीबी रॅम लागते. त्यासाठी सिस्कोची डेव्हनेट सँडबॉक्स ही ऑनलाइन सरावाची सोय आहे किंवा तासावर भाड्याने मिळणारे रॅक आहेत. तिथे जायच्या आधी काय करायचं ते कागदावर लिहून घ्या, नाहीतर भाड्याचा निम्मा वेळ मेनू शोधण्यात जातो.

लोकलमध्ये हात मोकळा नसतो, तिथे डिझाइनचं वाचन करा. एखाद्या कंपनीची गरज वाचायची आणि उतरायच्या स्थानकापर्यंत मनात पर्याय तोलायचे. कीबोर्डचं काम घरी, रोज दीड-दोन तास सलग. आणि परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत निदान काही रविवार पूर्ण आठ तासांच्या सरावाला द्या. सकाळी परीक्षेच्याच वेळेला बसा, फोन दुसऱ्या खोलीत, जवळ फक्त सिस्कोची कागदपत्रं, कारण परीक्षेतही तेवढीच मिळतात, स्वतःच्या नोट्स नेता येत नाहीत. एखादी कमांड त्या कागदपत्रांत कुठे सापडते हे शोध न लावता माहीत असणं हाही अभ्यासाचाच भाग. घरच्यांना आधी सांगून ठेवा की त्या दिवशी पाहुणे नकोत. रात्रपाळी करणाऱ्यांनी परीक्षेआधीचे दोन आठवडे तरी दिवसपाळी मागून घ्यावी. रात्री जागणाऱ्या शरीराकडून सकाळी आठ तास एकाग्रता मागणं अन्यायाचं आहे.

डम्पबद्दल, म्हणजे फुटलेल्या प्रश्नांच्या संचांबद्दल स्पष्ट सांगतो. खरे प्रश्न म्हणून काहीबाही विकणारे चॅट ग्रुप प्रत्येकाच्या फोनवर येतात. परीक्षेत गोपनीयतेच्या करारावर तुम्ही संमती देता आणि तो मोडल्यास सिस्को प्रमाणपत्र रद्द करू शकते, बंदी घालू शकते. नोकरीच्या मुलाखतीतही पाठ केलेला माणूस तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. वर दिलेल्या बीजीपीच्या प्रश्नात एक अट बदलली की पाठांतर संपलं. कष्टाने कमावलेले पैसे त्या लोकांना देऊ नका.

तारीख, प्रवास आणि निकाल

आठ तासांच्या लागोपाठ दोन सरावांत शेवटची ४५ मिनिटं खरोखर तपासणीला उरली, की तारीख घ्या. अभ्यासक्रम संपला म्हणून घेऊ नका. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते त्याच दिवशी पाहा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे असतं, कधी गाळलेलं, आणि अडचण नेमकी दारात उभी राहते. बंगळुरूला आदल्या दिवशी पोचा. पावसाळ्यात मुंबईहून विमानं रखडतात, तेव्हा सकाळचं तिकीट काढा. उद्यान एक्सप्रेसने जाणार असाल तर गाडीत जवळजवळ पूर्ण दिवस जातो, मग एक रात्र विश्रांतीची जास्त धरा. मुक्काम आउटर रिंग रोडवर, सिस्कोच्या आवाराच्या जवळ घ्या. तिथली सकाळची वाहतूक आपल्या पूर्व द्रुतगती मार्गापेक्षा कमी नाही.

उत्तीर्ण झालात तर नंबर कायमचा, पण प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते आणि ती वाढवत राहावी लागते. नापास झालात तर अहवालात विभागवार टक्केवारी मिळते. तो अहवाल तुमच्या सरावाच्या तक्त्यांशेजारी ठेवा. ज्या विभागात घरीही ‘झालं’ला टिक होती पण ‘तपासलं’ रिकामं राहत होतं, बहुधा तिथेच टक्केवारी घसरलेली असते. पुढच्या तारखेआधीचे पहिले तीन आठवडे फक्त त्या विभागाला द्या, आणि बाकीचे विषय रविवारच्या सरावापुरते चालू ठेवा.